सत्तावीस नंबरचा ठिपका

दर रविवारी सकाळी दहा वाजता सासूबाईंचा फोन वाजतो आणि दहाला पाच कमी असताना मला पलीकडच्या खोलीत काहीतरी काम निघतं. कधी कपाटातल्या चादरींच्या घड्या मोडून परत घालते, कधी पुसलेली खिडकी पुन्हा पुसते. दार मात्र वीतभर उघडं ठेवते. सासूबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून त्या फोनचा आवाज मोठा करून तो समोर टेबलावर ठेवतात. त्यांचं दुखणं ते माझं नशीब. आठ वर्षं झाली, माझ्या नवऱ्याचा आवाज मी असाच भिंतीआडून ऐकते आहे.

बोलणं ठरलेलं असतं. कंबर कशी आहे, गोळ्या वेळेवर घेतेस ना, तिकडे पाऊस झाला का. मग तो जरा थांबतो आणि विचारतो, घरी बाकी सगळे बरे? घरात आम्ही दोघीच. बाकी सगळे म्हणजे मी. सासूबाई माझ्या दाराकडे बघत मोठ्यानं सांगतात की बाकी सगळे बरे आहेत, चादरींच्या घड्या घालताहेत. त्यांना कानांनी कमी कळतं, डोळ्यांनी नाही.

तो इथून गाडीनं नऊ तासांवर एका पाणीपुरवठा केंद्रात नोकरी करतो. भांडून गेला असं शेजारी म्हणतात, ते खोटं आहे. भांडलो असतो तर बरं झालं असतं, भांडणाला शेवट असतो. तो गेला एका बाटलीमुळे, आणि ती गोष्ट सांगायची तर आधी आमचं काम सांगायला हवं.

आमचं खातं शहरातल्या पावसाच्या पाण्याचं. नळाच्या पाण्याची सगळ्यांना काळजी असते, सांडपाण्याला वास असतो म्हणून निदान लोक नाक तरी मुरडतात. रस्त्यांवरून आणि छपरांवरून नाल्यात जाणाऱ्या पावसाच्या पाण्याला मात्र कुणी विचारत नाही. ते शहराचे पाय धुऊन निघतं. टायरची पूड, ब्रेकची झीज, पत्र्यांवरचं जस्त, भंगारातलं शिसं, सगळं बरोबर घेऊन जातं. ते बाटलीत भरून आणायचं काम त्याचं आणि मोजायचं काम माझं. लग्नाआधीपासून हे असंच होतं. ऑफिसात त्याला गाळोबा म्हणायचे आणि मला दशांशबाई, कारण मी शेवटचा आकडा सोडत नसे. लग्न ठरलं तेव्हा स्टोअरवाल्यानं फळ्यावर लिहून ठेवलं होतं, ‘गाळोबा भागिले दशांश, बाकी शून्य.’

ऑफिसात मी त्याला तुम्ही म्हणायची, घरी तू. सासूबाईंना ते घरचं तू पहिली दोन वर्षं खटकलं, मग त्यांना ऐकूच कमी यायला लागलं.

पाऊस सुरू झाला की पहिल्या वीस मिनिटांत बाटल्या भराव्या लागतात, कारण साठलेली घाण त्या पहिल्या लोंढ्यात जाते. तो ढगांकडे बघत आधीच जाऊन उभा राहायचा. दुपारी बाटल्यांचे क्रेट घेऊन परतायचा तेव्हा गमबुटात पाणी, केसांत पाला आणि मी नुकत्याच पुसून घेतलेल्या फरशीवर त्याची पावलं. मी ओरडायची. तो बाटली खिडकीसमोर धरून, हळूच तिरकी करून बघायचा आणि म्हणायचा, “शिसं चाळीस, जस्त दोनशे.” मी मोजायची. पाच-दहाचा फरक निघाला तर चहा त्यानं करायचा, नाही निघाला तर मी. चहा बहुतेक वेळा मीच केला.

यात जादू काही नव्हती. शिसं पाण्यात फारसं विरघळत नाही. ते बारीक कणांना चिकटून प्रवास करतं. कण तरंगत असले की पाण्याबरोबर जातं, पाणी थांबलं की कणांबरोबर खाली बसतं. ज्याला कण ओळखता येतात त्याला धातूचा अंदाज येतो. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय. आणि म्हणूनच आमच्याकडचा पहिला नियम असा, की ओतण्याआधी बाटली हलवायची. मुलांच्या औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं ना, तसं. बावीस वर्षं नव्या माणसांना मी हेच शिकवत आले.

आठ वर्षांपूर्वी सासूबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालं. तेव्हा सलग चार दिवस पाऊस होता, म्हणजे तो नाल्यांवर. हॉस्पिटलमध्ये मी. तीन दिवस खुर्चीत बसून काढले आणि चौथ्या दिवशी तिथूनच थेट प्रयोगशाळेत गेले, कारण त्याच आठवड्यात सत्तावीस नंबरच्या नाल्याची बैठक होती.

सत्तावीस नंबर म्हणजे भंगाराच्या शेडमागचा नाला. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडतात, रेडिएटरना शिशाचे डाग देतात. नाला पुढं एका तळ्याला मिळतो आणि तळ्याच्या काठावर माणसं गळ टाकून बसतात. तिथं गाळखड्डा बांधावा, म्हणजे पाणी जरा थांबेल, कण खाली बसतील आणि तळं वाचेल, असा त्याचा दोन वर्षांचा धोशा होता. खात्यानं म्हटलं, आकडे आणा. त्यानं नेहमीसारख्या दोन बाटल्या भरून आणल्या, एक कणांसाठी, एक धातूंसाठी. माणसं कमी होती म्हणून कणांची बाटली त्यानं स्वतःच गाळली. कोरड्या गोल कागदाचं वजन करायचं, त्यातून पाणी गाळायचं, कागद भट्टीत वाळवायचा, पुन्हा वजन करायचं. जे वाढलं ते कण. लिटरला सहाशे चाळीस मिलिग्रॅम भरले. आमच्या रजिस्टरात तेवढे क्वचितच यायचे.

धातूंची बाटली माझी. माझं शिसं आलं लिटरला नऊ मायक्रोग्रॅम. नऊ म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

बैठकीत तेव्हाचे साहेब हसले. म्हणाले, पाणी गढूळ आहे पण बिचारं निष्पाप आहे. शेडवाले टेबलाच्या पलीकडे बसले होते, तेही हसले. माझा नवरा उभा राहिला आणि म्हणाला की शिशाचा आकडा पुन्हा तपासावा. सगळ्यांदेखत. तपासायला आता बाटली उरली नव्हती, ती धुऊन रॅकवर गेली होती. ते त्यालाही माहीत होतं. मला वाटलं, हा माझ्या कामावर बोट ठेवतोय, ते सुद्धा परक्यांसमोर. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. मी म्हणाले, “आकड्याची जबाबदारी माझी आहे. नमुना घेणाऱ्यांनी नमुना घ्यावा.”

साहेब म्हणाले, अहो, हे घरातच विचारून यायचं होतं. मग जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. तो माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण खाली बसला.

गाळखड्डा रद्द झाला. सत्तावीस नंबर तपासणीच्या यादीतून गेला. महिन्याभरात त्याला नाल्यांवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, बाटल्यांची बुचं मोजायला. घरी तो गप्प असायचा. मी एकदा म्हणाले सुद्धा, की अंदाज चुकला हे कबूल कर आणि मोकळा हो, एवढं काय त्यात. तो म्हणाला, “चूक कबूल केली की बरं वाटतं, हे खरंय.” मला वाटलं, आता कबूल करेल. त्यानं नाही केली. चार महिन्यांनी तिकडची जागा निघाली, दोन वर्षांसाठी म्हणून गेला. दोनाची चार झाली, चाराची आठ. मी त्याला ये म्हणाले नाही, तो येऊ का म्हणाला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आमचा तर सुंभही शाबूत होता.

आणि तरी मला त्याची आठवण येते. आभाळ भरून आलं की माझे कान जिन्याकडे लागतात. क्रेटमधल्या बाटल्यांची किणकिण कुठंही ऐकली, दूधवाल्याची का असेना, की मी हातातलं काम ठेवून उभी राहते. त्याच्या ओल्या मोज्यांचा वाससुद्धा हवासा वाटतो, आणि तो वास काय होता ते मला पक्कं ठाऊक आहे. त्याचे गमबूट मी बाल्कनीतून हलवलेले नाहीत. सासूबाई म्हणतात अडगळ आहे, टाकून दे. मी म्हणते, टाकते. आमचं हेही आठ वर्षं चाललंय.

या वर्षी आमच्याकडे नव्या मॅडम आल्या. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, चष्मा सारखा वर ढकलत बोलतात. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक नाल्यात प्रत्येक पावसाला शिसं मोजत बसणं आपल्याला झेपणार नाही. पण पाण्यातल्या कणांचा अंदाज देणारं साधं उपकरण नाल्यात बसवता येतं. कण आणि धातू एकत्र वाढतात हे आपल्याच जुन्या नोंदींवरून दाखवलं, की कणांवरूनच धातूचा इशारा मिळेल. मी मनात म्हटलं, बाई, हेच एक माणूस खिडकीसमोर बाटली धरून करायचा आणि आम्ही त्याला बुचं मोजायला बसवलं.

तो इथं होता त्या चौदा वर्षांचे आकडे मीच त्यांना काढून दिले. त्यांनी ते पडद्यावर मांडले, आडवे कण, उभं शिसं, एकेका नमुन्याचा एकेक ठिपका. एकशे चौऱ्याऐंशी ठिपके. मॅडमनी मला बोलावून दाखवलं. ठिपके एका तिरक्या रेषेभोवती वर वर चढत गेले होते. सगळे त्यानं भरलेले, सगळे मी मोजलेले. आमच्या संसाराचा एवढा नीटनेटका फोटो दुसरा नाही.

आणि उजवीकडे, पार खाली, तळाला चिकटून एकच ठिपका होता. कण सहाशे चाळीस, शिसं नऊ.

मॅडम म्हणाल्या की हा एक काढून टाकू या. एवढ्या आकड्यांत एखादा वेडा निघतोच. तो काढला की रेषा सुरेख जुळते. त्यांच्या बोटाखाली ते बटण होतं. मी हो म्हटलं असतं तर तो ठिपका तिथंच पुसला गेला असता आणि जगात कुणालाही काही कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. रेषेप्रमाणे तिथं शिसं तीनशेच्या आसपास हवं होतं. नाला वेडा नव्हता. मी हॉस्पिटलहून आले त्या सकाळचं टेबल मला आठवलं. बाटली आदल्या दिवसापासून उभी होती. वरचं पाणी नितळ झालं होतं. मी ती उचलली आणि ओतली.

हलवली होती का? खूप आठवून बघितलं. हात बाटलीकडे गेलेला आठवतो, बीकर भरलेलं आठवतं. मधलं काही आठवत नाही, कारण मधलं काही झालंच नव्हतं.

मी मॅडमना म्हणाले, दोन दिवस द्या, ठिपका काढू नका. त्यांनी चष्मा वर ढकलून माझ्याकडे बघितलं, पण कारण विचारलं नाही.

कणांचा कागद मिळाला तर सगळं उघड होणार होतं. ज्या कणांना मी बाटलीच्या तळाशी सोडलं, तसलेच कण दुसऱ्या बाटलीतून गाळून त्या कागदावर बसले होते, आणि कागदावरचं शिसं कुठं जात नाही. आम्ही असे कागद लहान गोल डब्यांत तीन महिने ठेवतो आणि मग टाकून देतो. तरी मी मागच्या खोलीतली खोकी उपसली. नाकातोंडात धूळ गेली, कागद नाही. मग जुनं रजिस्टर काढलं. टाकलेल्या कागदांच्या यादीत त्या दिवसाचे सगळे नंबर होते, सत्तावीस नंबरपुढे मात्र टाकल्याची खूण नव्हती. नुसतीच रिकामी जागा.

घरी आले तेव्हा माझा चेहरा बघून सासूबाईंनी विचारलं, कोण गेलं? त्यांना सगळं ओरडून सांगावं लागतं. चूक कबूल करण्यातली गंमत अशी, की ती ओरडून करावी लागली तर जास्त खरी वाटते. मी ओरडून सांगितलं की आठ वर्षांपूर्वी तुमच्या मुलाचं बरोबर होतं आणि माझं चुकलं असणार. ओरडून सांगितलं की एक कागद मिळाला असता तर खात्री झाली असती, रुपयाएवढा गोल, पण तो कधीच टाकला असणार. खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल.

सासूबाईंनी शांतपणे विचारलं, “तपकिरी कागद का? डबीतला?”

त्या काठी टेकत उठल्या. कपाटातून बटणांचा पत्र्याचा डबा काढला, बटणं ओंजळीनं पलंगावर काढून ठेवली आणि खालून एक गोल प्लास्टिकची डबी माझ्या हातात दिली. झाकणाला चिकटपट्टी लावलेली होती. त्यावर त्याच्या अक्षरात तारीख आणि ‘२७’. आत कागद, आणि कागदावर काळपट तपकिरी साय.

मी विचारलं, की हे तुमच्याकडे कसं आणि इतकी वर्षं बोलला का नाहीत.

“तो म्हणाला होता, तिनं विचारलं तर दे,” सासूबाई म्हणाल्या. “तू विचारलंच नाहीस.”

मग त्या पलंगावरची बटणं एकेक करून डब्यात टाकत बसल्या. मी तिथंच जमिनीवर बसून रडले. त्यांना ते ऐकू आलं की नाही माहीत नाही, पण मध्येच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगून तो कागद आम्लात उकळवला. एक कोरा कागदही तसाच उकळवला, कागदाचं स्वतःचं काही मिसळत नाही ना हे बघायला. यंत्रासमोर बसले. आकडा आला. लिटरचा हिशेब केला. तीनशे बारा. मॅडमनी तो पडद्यावर टाकला आणि तळाचा ठिपका उडी मारून रेषेवर जाऊन बसला, इतका अचूक की त्या स्वतःशीच हसल्या. मला हसू आलं नाही. आठ वर्षं ते पाणी तळ्यात जात होतं, माझ्या सहीनं.

मी जुन्या रजिस्टरात दुरुस्तीची नोंद केली. बाटली न हलवता वरचं पाणी घेतलं, चूक माझी, आणि खाली सही. मॅडम म्हणाल्या की हे वर पाठवावं लागेल, काही महिने तुमची सही चालणार नाही. मी म्हटलं, चालू नये. मग त्या म्हणाल्या की अडचण पुढेच आहे. घरात बटणांच्या डब्यात राहिलेला कागद सरकारी पुरावा होत नाही. तुमच्या-माझ्या समाधानापुरता ठीक. गाळखड्डा परत मागायचा तर सत्तावीस नंबरचा ताजा नमुना हवा, पहिल्या लोंढ्याचा. पण तिकडे आता नवा रस्ता झालाय, नाल्यावर फरश्या बसल्यात, नकाशा चुकीचा आहे. शेडचं पाणी मोठ्या नाल्यात मिसळण्याआधी नेमकं कुठं धरायचं, हे आमच्यात कुणालाही माहीत नव्हतं.

कुणाला माहीत असेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे एक माणूस.

मग रविवार आला. दहाला पाच कमी असताना मी चादरींकडे गेले नाही. सासूबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून टेबलासमोर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. फोन वाजला. कंबर कशी आहे, गोळ्या घेतल्यास का. इतक्या जवळून तो आवाज जरा म्हातारा वाटला. मग तो थांबला आणि म्हणाला, “घरी बाकी सगळे बरे?”

सासूबाईंनी फोन माझ्याकडे सरकवला.

“बाकी सगळे इथंच बसलेत,” मी म्हणाले.

मी घाईघाईनं बोलत सुटले, ऑफिसात अहवाल देतात तसं, तुम्ही-तुम्ही करत. रेषा, ठिपका, डबी, तीनशे बारा. शेवटी म्हणाले, “बाटली मी हलवली नव्हती.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “ती मीच धुतली होती. तू बेसिनपाशी ठेवून हॉस्पिटलला परत गेली होतीस. गाळ तळाशी तसाच बसला होता, जरासुद्धा हललेला नव्हता. नऊचा आकडा मागाहून कळला, तेव्हा त्याचा अर्थ लागला.”

“मग बैठकीत बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? माझ्याच आईपायी तीन दिवस झोपली नव्हतीस. बोललो असतो तर साहेबांनी तिथंच तुझी सही काढून घेतली असती. पुन्हा तपासा म्हटलं, वाटलं तुझ्या लक्षात येईल. तुझं उत्तर ऐकलंस ना तू.”

ऐकलं होतं. रोज ऐकते. पण मला राग यायचा तो आलाच, आणि रागात तुम्ही कधी गळून पडलं ते कळलं नाही. मी म्हणाले की तू मोठेपणा घेतलास आणि तिकडे तळ्यात शिसं साठत गेलं. मी चुकले ते झोपेत, तू जागेपणी गप्प बसलास. सासूबाई मान हलवत होत्या, माझ्या बाजूनं की त्याच्या, कळेना.

“तेही माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणून कागद ठेवला. वाटलं, आठवड्याभरात विचारशील.”

“आणि नाही विचारलं तर?”

“मग वाटलं, महिन्याभरात.”

टेबलावर बटणांचा डबा तसाच होता, मी त्याचं झाकण उघडत होते, लावत होते. मग मी कामाचं बोलले. ताजा नमुना हवा, फरश्या बसल्यात, जागा कुणाला ठाऊक नाही. त्यानं लगेच विचारलं की शेडच्या मागची बुटकी भिंत आहे का अजून. आहे म्हटल्यावर म्हणाला की तिच्या तिसऱ्या खांबापाशी एक झाकण असेल, पण कुठल्या बाजूनं येणारं पाणी धरायचं ते फोनवर नाही सांगता येणार, ते तिथं उभं राहूनच कळतं.

“मग उभा राहा की येऊन,” मी म्हणाले.

“पाऊस लागल्याचं कळवशील, मग मी निघणार, नऊ तास लागणार. पहिला लोंढा वीस मिनिटांत जातो. तूच शिकवतेस ना नव्या लोकांना?”

“म्हणून म्हणते, पावसाच्या आधी ये.”

मग त्यानं विचारलं, “माझे गमबूट आहेत का?”

“आहेत. उजव्यात कोळ्यानं घर केलंय.”

तो हसला. ते हसणं मी आठ वर्षांत भिंतीआडूनही ऐकलं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतोय, आणि मी हातानंच त्यांना थांबवलं. तो रजेचा हिशेब करत होता. मंगळवारी निघता येईल, बुधवारी सकाळी पोचेन. पण पावसाच्या अंदाजांचा काय भरवसा, तो म्हणाला, ढग नुसतेच येऊन बसतात कधी कधी.

“आणि पाऊस लांबला तर?”

“तर थांब,” मी म्हणाले.